पडद्यावर जागा हवी

सप्टेंबर २०२३. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठापुढे एक ऑनलाइन सुनावणी चालू होती. वकील सारा सनी कर्णबधिर आहेत. न्यायालयातलं बोलणं त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषेत आणायला सौरव रॉयचौधरी हे दुभाषी हजर होते. सुरुवातीला पडद्यावर या दोघांना मिळून जागाच मिळेना. सरन्यायाधीशांनी सांगितल्यावर दोघांच्या खिडक्या उघडल्या आणि सुनावणी पुढे सरकली. दुभाष्याचे हात ज्या वेगानं चालत होते, त्याचं कौतुक सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनीही केलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात एका कर्णबधिर वकिलानं सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत उभं राहण्याची ही पहिली वेळ होती. काही दिवसांतच न्यायालयानं साराबाईंसाठी स्वतःहून दुभाषी नेमला.

बातम्या झाल्या, अभिनंदनं झाली. पण त्या सुरुवातीच्या मिनिटांकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. व्हिडिओ बैठकीची सॉफ्टवेअर जन्मली तीच एक गोष्ट गृहीत धरून: ज्याचा आवाज येतो तो बोलतोय. आवाज आला की त्या माणसाची चौकट मोठी होते, भोवती हिरवी-पिवळी कड उमटते, बाकीचे बाजूला सरकतात. हातांनी बोलणाऱ्याचा आवाज येत नाही. त्यामुळे तो कितीही महत्त्वाचं सांगत असला, तरी सॉफ्टवेअरच्या लेखी तो गप्प बसलेला असतो. दुभाष्याची चौकट दुसऱ्या पानावर ढकलली जाते, कुणी आपला पडदा शेअर केला की टिकलीएवढी होते. करोनाच्या काळात शाळा, कचेऱ्या, दवाखाने सगळे या चौकटींत आले. दुभाष्याला कायमची, मोठी जागा देणारी सोय झूम आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स या दोन्हींमध्ये आली ती मात्र २०२२च्या अखेरीला. तोवर कर्णबधिर माणसानं दर बैठकीच्या आधी यजमानाला विनंती करायची, 'दुभाष्याला पिन करा', आणि तो विसरला तर अर्धी बैठक अंदाजानं काढायची.

यात कुणाचाही दुष्टपणा नव्हता. पहिला आराखडा काढताना खोलीत सांकेतिक भाषा वापरणारं कुणी नव्हतं, एवढंच. डिजिटल वस्तूंच्या बाबतीत ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडते.

'कर्णबधिरांसाठी सोय' असं म्हणताना डोळ्यांसमोर बहुधा एकच माणूस येतो. प्रत्यक्षात निदान तीन वेगळी माणसं असतात आणि त्यांच्या गरजा एकमेकींशी जुळतातच असं नाही. पहिला, जन्मतः किंवा भाषा येण्याआधी ऐकणं गेलेला. त्याची मनातली भाषा हातांची. मराठी किंवा इंग्रजी त्यानं शाळेत, न ऐकता शिकलेली. दुसरा कमी ऐकू येणारा, श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वापरणारा. त्याला आवाज हवाच असतो, पण स्वच्छ हवा असतो. संवादामागं ढोलताशे वाजले की त्याची वाट बंद होते. तिसरे आपल्या घरातले आजी-आजोबा. त्यांनी आयुष्यभर वर्तमानपत्र वाचलेलं असतं, मराठी त्यांच्या अंगवळणी पडलेली असते, हातांची एकही खूण येत नसते, आणि स्वतःला ते कधीही कर्णबधिर म्हणवणार नाहीत. ते टीव्हीचा आवाज वाढवत राहतात आणि फोनवर 'हो, हो' म्हणत वेळ मारून नेतात.

२०११च्या जनगणनेनं भारतात ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख ७१ हजार लोक मोजले. त्यात या आजी-आजोबांपैकी किती आले असतील, याचा विचार वाचकानं आपल्याच सोसायटीत नजर फिरवून करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालाप्रमाणे उपचार किंवा मदत लागावी इतकं कमी ऐकू येणारी माणसं जगात ४३ कोटी आहेत आणि २०५०पर्यंत हा आकडा ७० कोटींवर जाईल. एखाद्या ॲपच्या बैठकीत 'असे वापरकर्ते किती असणार?' हा प्रश्न निघतो, तेव्हा हे आकडे टेबलावर ठेवायला हवेत.

आवाजावर बेतलेल्या यंत्रानं कर्णबधिरांना बाहेर ठेवल्याची सर्वांत जुनी आणि मोठी कहाणी टेलिफोनची. अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई कमी ऐकणारी, पत्नी मेबल कर्णबधिर. त्याचा स्वतःचा पेशा कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवण्याचा. १८७६ साली त्याला ज्या यंत्राचं पेटंट मिळालं, त्या यंत्रानं पुढं जवळजवळ नव्वद वर्षं कर्णबधिरांना लांबूनच खुणावलं. फोन घ्यावा लागतो म्हणून नोकरी नाही, डॉक्टरला बोलवायचं तर शेजाऱ्याच्या दारात जायचं.

ही कोंडी फोडली तीन कर्णबधिर माणसांनी. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हा भौतिकशास्त्रज्ञ, जेम्स मार्स्टर्स हा दातांचा डॉक्टर आणि अँड्र्यू सॅक्स हा अभियंता. कॅलिफोर्नियात १९६४ साली त्यांनी तार कंपन्यांनी मोडीत काढलेले टेलिप्रिंटर उचलले. फोन कंपनी आपल्या तारांना परकं यंत्र जोडू देत नव्हती. म्हणून वाइटब्रेख्टनं असा जोड बनवला की फोनचा रिसीव्हर नुसता त्यावर ठेवायचा. टंकलेली अक्षरं सुरांत बदलून तारेतून जातील आणि पलीकडे पुन्हा अक्षरं होऊन कागदावर उमटतील. फोनला धक्का नाही, नियमाला धक्का नाही. ही यंत्रं शेकडो किलोंच्या घरात जात नसली तरी एका माणसाला उचलवत नसत. ती घराघरांत पोचवायचं, दुरुस्त करायचं कामही कर्णबधिर स्वयंसेवकांनीच अंगावर घेतलं. पुढं १९९०च्या अमेरिकी दिव्यांग कायद्यानं फोन कंपन्यांना मध्यस्थ सेवा देणं बंधनकारक केलं. एकीकडे टंकणारा, दुसरीकडे बोलणारा, मध्ये दोघांचं पोचवणारा माणूस.

दूरचित्रवाणीलाही असाच वेळ लागला. १९७२ साली बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीनं ज्युलिया चाइल्ड यांच्या 'द फ्रेंच शेफ' या पाककृतींच्या कार्यक्रमाखाली अक्षरं दाखवली. ती सगळ्यांनाच दिसत. हव्या त्यालाच दिसतील अशी बंद अक्षरं, म्हणजे क्लोज्ड कॅप्शन, नियमितपणे सुरू झाली १६ मार्च १९८० रोजी. पण त्यांसाठी वेगळा डबा विकत घ्यावा लागे आणि तो स्वस्त नव्हता. ज्यांना गरज आहे त्यांनीच पैसे मोजायचे, म्हणून डबे कमी खपायचे. डबे कमी खपले म्हणून वाहिन्या कमी कार्यक्रमांना अक्षरं द्यायच्या. हे चक्र तोडलं कायद्यानं. १९९३च्या जुलैपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १३ इंच आणि त्यापेक्षा मोठ्या प्रत्येक टीव्हीत तो डबा आतच बसवणं सक्तीचं झालं. सोय वस्तूच्या पोटात गेली आणि डब्याच्या किमतीचा प्रश्नच संपला. व्यायामशाळा, विमानतळ आणि तान्ह्या बाळाला झोपवून मालिका बघणारे आईबाप ती अक्षरं वापरू लागले.

एवढं सगळं होऊनही इंटरनेटवर पाटी पुन्हा कोरी झाली. टीव्हीवर अक्षरांसह दिसणारा चित्रपट संगणकावर आला तो अक्षरांविना. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०११ मध्ये नेटफ्लिक्सवर दावा लावला. कंपनीचं म्हणणं होतं की कायदा 'जागे'ला लागू आहे, संकेतस्थळ म्हणजे जागा नव्हे. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायाधीशांनी ते मान्य केलं नाही. २०१२ मध्ये तडजोड झाली आणि २०१४ संपायच्या आत सगळ्या चित्रपट-मालिकांना कॅप्शन देण्याचं कंपनीनं कबूल केलं. आज त्याच कंपनीची कॅप्शनची नियमावली जगभरचे उपशीर्षककार उघडून बसतात.

तरीही धडा शिकून होत नाही. जून २०२० मध्ये ट्विटरनं आवाजी ट्वीट आणलं: बोला आणि टाका. त्यासोबत अक्षरं नव्हती. कर्णबधिर वापरकर्त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आम्ही काय करायचं? त्यातून बाहेर आलं ते असं की कंपनीत सुगम्यतेसाठी वेगळा चमूच नव्हता. काही कर्मचारी आपलं काम सांभाळून हौसेनं ते बघत होते. सप्टेंबरमध्ये चमू नेमले गेले. आवाजी ट्वीटना कॅप्शन मिळाले ते जुलै २०२१ मध्ये. एक वर्षाहून जास्त काळ एक आख्खा समाज आपल्याच ओळखीच्यांच्या गप्पांबाहेर उभा राहिला.

याउलट यूट्यूबकडे पाहावं. तिथं नोव्हेंबर २००९ मध्ये आपोआप कॅप्शन सुरू झाले. त्यामागं प्रमुख हात होता केन हॅरेनस्टीन या अभियंत्याचा. तो स्वतः कर्णबधिर. व्हिडिओच्या या महापुरात हातानं कॅप्शन लिहून पुरे पडणार नाही, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तसंच 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' या ॲपचं. समोरचा बोलतो आणि फोनवर अक्षरं उमटत जातात, असं हे ॲप २०१९च्या फेब्रुवारीत गूगलनं आणलं. त्यामागं दिमित्री कानेव्स्की हे शास्त्रज्ञ होते. त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही आणि त्यांची हयात वाणी ओळखणाऱ्या यंत्रांवर काम करण्यात गेली आहे. कर्णबधिरांसाठीच्या गॅलोडेट विद्यापीठाची साथ घेऊन ते घडवलं गेलं. भोवती किती गोंगाट आहे हे दाखवणारं एक छोटं वर्तुळ त्या पडद्यावर असतं. ऐकणाऱ्याला त्याचं प्रयोजन चटकन कळणार नाही. पण गोंगाट वाढला की अक्षरं चुकणार, तेव्हा समोरच्याला जवळ बोलवावं की बाजूला न्यावं, हे ऐकू न येणाऱ्याला त्यावरून कळतं. असे बारकावे बाहेरून सुचत नाहीत.

दुसऱ्या टोकाला आहेत सांकेतिक भाषेचे हातमोजे. दर काही वर्षांनी कुठला तरी विद्यार्थी गट असे मोजे बनवतो, हातांच्या खुणा 'बोलून' दाखवतो, आणि बातमी होते. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना अशा मोज्यांसाठी दहा हजार डॉलरचं नामवंत पारितोषिक मिळालं. मुलांची कळकळ खरी होती. पण कर्णबधिर भाषातज्ज्ञांनी दाखवून दिलं की सांकेतिक भाषेचं अर्धं व्याकरण भुवयांत, ओठांत, मानेच्या आणि खांद्यांच्या हालचालीत असतं. मोज्याला त्यातलं काहीच दिसत नाही. आणि मोजा घालायचा कुणी? तर कर्णबधिरानं, म्हणजे ऐकणाऱ्याला त्रास नको. समोरचा काय म्हणतो ते कर्णबधिराला कसं कळणार, याचं उत्तर मोज्यात नव्हतंच. अशा प्रयोगांवर जाणारा पैसा आणि हुशारी दुभाषी घडवण्यावर गेली असती तर किती बरं झालं असतं.

आता मराठी कॅप्शनकडे जरा जवळून पाहू, कारण इथं आपल्याकडे बोलायला खूप आहे आणि झालेलं काम थोडं आहे.

मालिकेतला एक साधा प्रसंग घ्या. रात्र, वाड्याचं माजघर, नायिका चिमणीच्या उजेडात पत्र वाचतेय. मागून आवाज येतो, ती दचकते. ऐकणाऱ्याला कळलं की दार करकरलं आणि काकूंनी हाक मारली. नुसता संवाद उतरवणारं कॅप्शन लिहील: 'कोण आहे तिथं?' बघणाऱ्याला वाटेल, हे नायिकाच म्हणाली. नीट लिहिलेलं कॅप्शन आधी लिहील '(दार करकरतं)', मग 'काकू (आतून): कोण आहे तिथं?' दोन ओळींचा फरक आहे, पण पहिल्या तऱ्हेत प्रसंगाचा सगळा ताण नाहीसा होतो. पार्श्वसंगीत वाजतंय म्हणून '(संगीत)' असं लिहून भागत नाही. सनई आहे की एकटी बासरी, सूर चालू आहेत की अचानक थांबले, हे सांगायला लागतं, कारण दिग्दर्शकानं अर्थ तिथं ठेवलेला असतो.

मग लिपीचा प्रश्न. कॅप्शनचे बहुतेक नियम इंग्रजीवरून आले. नेटफ्लिक्स इंग्रजीसाठी एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरचिन्हं धरतं. बीबीसी मिनिटाला १६० ते १८० शब्दांचा वेग सुचवतं. मराठीत हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. 'स्त्री' हे डोळ्याला एकच अक्षर दिसतं, पण संगणक त्यात सहा चिन्हं मोजतो. आपल्या विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, म्हणून आपला एक शब्द इंग्रजीच्या तीन शब्दांचं काम करतो आणि तेवढाच वेळ मागतो. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर देवनागरीला कमी पडतं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांत घुसतात. ओळ कुठं तोडायची यालाही कान लागतो. 'तो उद्या' एका ओळीत आणि 'येणार नाही' दुसऱ्या ओळीत चालेल. पण 'येणार' वर आणि 'नाही' पुढच्या पडद्यावर गेलं, तर क्षणभर अर्थ उलटा होतो.

आपोआप कॅप्शनमध्ये हा धोका जास्त. मराठी ओळखणारी यंत्रं आता बरीच सुधारली आहेत. गूगलनं आवाजी टंकनात मराठी २०१७ मध्ये आणली. पण आपण बोलतो ते पुस्तकी मराठी नसतं. एका वाक्यात हिंदी, इंग्रजी, गावची बोली आणि माणसांची नावं येतात, आणि यंत्र तिथं अडखळतं. आरोग्याच्या व्हिडिओत डॉक्टर म्हणाले, 'ही गोळी उपाशीपोटी घेऊ नका', आणि यंत्राकडून शेवटचं 'नका' निसटलं, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून यंत्रानं केलेला मसुदा माणसानं वाचलाच पाहिजे. दहा मिनिटांच्या व्हिडिओला त्यासाठी तासाभराचं काम पडतं, फार नाही.

सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की मराठी चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षकं सर्रास असतात आणि मराठी क्वचितच. मराठी शाळेत शिकलेल्या कर्णबधिर मुलानं मराठी चित्रपट इंग्रजी वाचून बघायचा. त्याच्या आजीनं तर बघायचाच नाही. ज्या भाषेत संवाद आहे त्याच भाषेत अक्षरं देण्याचा प्रयोग आपल्या शेजारी गुजरातेत १९९९ मध्येच झाला आहे. अहमदाबादच्या आयआयएमचे ब्रिज कोठारी यांनी दूरदर्शनच्या चित्रगीतांखाली गुजरातीतच ओळी दाखवायला लावल्या. हेतू होता नुकतंच वाचायला शिकलेल्यांचा सराव. गाणं ऐकू येणाऱ्या लाखोंना त्याचा उपयोग झाला. मराठी वाहिन्यांनी तेच केलं तर साक्षरता, नवशिके अमराठी शेजारी आणि कर्णबधिर प्रेक्षक अशा तिघांचं काम एका खर्चात होईल.

अक्षरं दिली म्हणजे सगळं दिलं, असं मात्र नाही. पहिल्या गटातल्या माणसासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा आहे. न ऐकलेल्या भाषेत लांबलचक सरकारी वाक्यं वाचणं किती जड जात असेल, याची कल्पना करून पाहावी. १८८०च्या मिलान परिषदेनं शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करून ओठ वाचण्यावर आणि बोलण्यावर भर देण्याचा ठराव केला. त्याची सावली जगभर, आपल्याकडेही, शंभर वर्षं राहिली. मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. शिक्षणतज्ज्ञांच्या त्याच परिषदेनं व्हँकुव्हरमध्ये २०१० साली त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडे १९७०च्या दशकात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड यांनी दिल्ली, कलकत्ता, बंगळूर आणि मुंबई इथल्या खुणांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. त्याच्या डिजिटल शब्दकोशात २०१८ साली तीन हजार शब्द होते, २०२१ पर्यंत ते दहा हजार झाले. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. आणि मुंबईतूनच 'आयएसएच न्यूज' ही वृत्तवाहिनी यूट्यूबवर चालते. तिचे संस्थापक आलोक केजरीवाल स्वतः कर्णबधिर, बातम्या सांगणारे निवेदकही कर्णबधिर. तिथं हातांनी बोलणारा निवेदक पडद्याच्या मधोमध असतो, कोपऱ्यातल्या गोल खिडकीत नव्हे. एवढ्यानं सगळं चित्र बदलतं.

कोपऱ्यातल्या त्या खिडकीचंही शास्त्र आहे. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेनं दुभाष्याची आकृती पडद्याच्या एकषष्ठांशापेक्षा लहान नसावी असं म्हटलं आहे. आपल्याकडच्या सरकारी भाषणांत ती याहून कितीतरी लहान दिसते, आणि खालून सरकणारी बातमीपट्टी तिचे हात कापून नेते. हातांच्या भाषेचा व्हिडिओ अडखळला तर शब्दच गळतात. सेकंदाला निदान वीस-पंचवीस चित्रं दिसायला हवीत. खुणा बघणाऱ्याची नजर मुख्यतः समोरच्याच्या चेहऱ्यावर असते, हात कडेनं टिपले जातात. वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड लॅडनर, ईव्ह रिस्किन यांच्या गटानं नेमकं हेच धरलं. मंद नेटवर्कवरही बोलता यावं म्हणून त्यांनी व्हिडिओ असा दाबला की चेहरा जास्तीत जास्त स्पष्ट राहील आणि मागची भिंत अंधुक झाली तरी चालेल. लॅडनर यांचे आईवडील कर्णबधिर. पुन्हा तीच गोष्ट.

संगणकानं बनवलेल्या, हात हलवणाऱ्या बाहुल्यांकडे आता अनेक सरकारी खाती आशेनं बघतात. जागतिक कर्णबधिर महासंघ आणि दुभाष्यांची जागतिक संघटना यांनी २०१८ मध्येच बजावलं आहे की ठरीव, आधी तपासता येणाऱ्या मजकुरापुरत्या त्या ठीक. थेट आणि गुंतागुंतीच्या माहितीसाठी माणूसच हवा. गाडी कुठल्या फलाटावर येणार हे बाहुलीनं सांगावं. पूर येतोय, घर कधी सोडायचं, हे तिच्यावर सोपवू नये.

रोजच्या व्यवहारात आवाज कुठं कुठं लपलेला असतो, हे दाखवायला भाजीवाल्याच्या गाड्यावरचा ठोकळा पुरेसा आहे. ग्राहकानं क्यूआर कोडवर पैसे भरले की तो साउंडबॉक्स मोठ्यानं रक्कम सांगतो आणि भाजीवाला न बघताच मान हलवतो. त्या जागी कर्णबधिर विक्रेता असेल तर? हातातली जुडी खाली ठेवून, ओले हात पुसून, फोन उघडून त्याला संदेश शोधावा लागतो. मागं चार गिऱ्हाइकं उभी असतात. ग्राहकानं दाखवलेल्या पडद्यावर विश्वास ठेवला तर फसवणुकीची भीती. यावर उपाय म्हणजे रकमेचा आकडा दाखवणारा बोटभर पडदा आणि लुकलुकणारा दिवा. काही नव्या यंत्रांवर पडदा आलाही आहे. तो सगळ्यांवर यायला काय हरकत आहे? गोंगाटाच्या बाजारात तो ऐकणाऱ्यालाही लागतोच.

हरवलेलं कार्ड बंद करायला फोनच करावा लागणं, 'आमचा प्रतिनिधी कॉल करेल' याशिवाय दुसरा पर्याय नसणं, डिलिव्हरीवाल्याचा फोन न उचलल्यामुळे ऑर्डर रद्द होणं, हे सगळं याच जातीचं. आणि उपाय माहीत नाहीत असंही नाही. मुंबईत ध्रुव लाक्रा यांनी २००९च्या सुमारास सुरू केलेली 'मिरॅकल कुरिअर्स' ही सेवा कर्णबधिर तरुणांवर चालली. शहरभर पार्सलं पोचवताना त्यांचं सगळं बोलणं एसएमएसवर. उबरनं २०१५ मध्ये कर्णबधिर चालकांसाठी ॲपमध्ये बदल केले: भाडं आलं की पडदा लुकलुकतो, चालकाला फोनऐवजी संदेश येतो, आणि प्रवाशाला आधीच कळतं की कुठं जायचं ते टंकून द्यायचं आहे.

कायद्याचं म्हणाल तर तो कागदावर भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या कलम ४२ मध्ये सांकेतिक भाषा आणि कॅप्शन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. संकेतस्थळं आणि ॲप यांच्यासाठीचं आयएस १७८०२ हे भारतीय मानक २०२३ मध्ये नियमांत आणलं गेलं. जानेवारी २०२३ मध्ये 'पठान' प्रदर्शित होण्याच्या तोंडावर दिल्ली उच्च न्यायालयात दिव्यांग याचिकाकर्ते गेले, आणि न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी ओटीटी प्रदर्शनासाठी कॅप्शन आणि दृश्यवर्णन तयार करण्याचे आदेश निर्मात्यांना दिले. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली: एकाहून जास्त भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची मुदत, बाकीच्यांना दोन वर्षांची. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी आणि गोव्याच्या इफ्फीत इंडियन पॅनोरमासाठी येणाऱ्या कथाचित्रपटांना जानेवारी २०२५ पासून हे लागू केलं. म्हणजे पणजीला जायचं तर मराठी निर्मात्याला कॅप्शन बनवावेच लागतात. मग तीच फाइल कोल्हापूरच्या चित्रपटगृहात आणि ओटीटीवर का दिसू नये?

नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं बजावलं. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून प्रकरणात याच न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. ती याचिका ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींची होती. बँकेच्या ई-केवायसीत पापणी मिटून दाखवायला सांगतात आणि ते त्यांना शक्य नव्हतं. पण न्यायालयानं दिलेल्या निर्देशांत कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषा आणि कॅप्शनही आले. व्हिडिओ केवायसी करणारा कर्मचारी तोंडानं प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर कर्णबधिर खातेदारानं कसं द्यायचं, हा प्रश्न आता बँकेनं सोडवायचा आहे, खातेदारानं नव्हे.

न्यायालयानं सांगेपर्यंत थांबावं असं या कामात काही नाही. ॲप बनवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी पहिल्या आराखड्यालाच दोन-तीन कर्णबधिर माणसांना बोलवावं: एक हातांनी बोलणारा, एक श्रवणयंत्र लावणारा, एक सत्तरी ओलांडलेला. त्यांना येण्याचे, तपासण्याचे पैसे द्यावेत आणि दुभाष्याचेही. फोन नंबरच्या शेजारी 'फक्त संदेश पाठवा' असा एक चौकोन ठेवावा. मराठी वाहिन्यांनी आणि निर्मात्यांनी मराठी चित्रपट-मालिकांना मराठी कॅप्शन द्यावेत, निदान संध्याकाळच्या मालिकांपासून सुरुवात करावी. पॉडकास्ट काढणाऱ्यांनी प्रत्येक भागाची लेखी प्रत सोबत टाकावी. आणि वाचकहो, यंदा दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाचा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा किंवा सोसायटीच्या सभेचा व्हिडिओ तुम्ही चढवणार असाल, तर तो चढवण्याआधी एकदा तासभर बसून त्याला मराठीत कॅप्शन लिहा. आणि ज्या मराठी चित्रपटाला ते नाहीत, त्याच्या ओटीटी कंपनीला तक्रारीच्या रकान्यात तसं कळवा.